ओव्हन थंडच होता

अशा सदरांत येणारे अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय, पण ते कुठे गफलत झाली असेल हे शोधण्यासाठी. सवय जुनी आहे. मी चंद्रपुरात एका दैनिकाचा गुन्हे वार्ताहर होतो. भानामतीच्या बातम्या केल्या, घरावर पडणाऱ्या दगडांच्या केल्या, दांडीवर वाळत असताना आपोआप पेटणाऱ्या कपड्यांच्याही केल्या. प्रत्येक ठिकाणी शेवटी एक माणूस सापडला, आणि तो बहुतेकदा घरातलाच निघाला. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यावर तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही ठेवला नसता.

आमची आवृत्ती बंद पडली तेव्हा मी जुनी इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका ट्रंकेतून काढली आणि प्रयोगशाळांमधली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागलो. कोळसा, सिमेंट, कागद, पाणी... चंद्रपूर आणि गडचिरोलीत जिथे तपासणीची यंत्रं आहेत तिथे माझं जाणं असतं. ज्या प्रयोगशाळेत हे घडलं तिचं नाव लिहीत नाही. पोलिसांकडून आलेले सीलबंद नमुने तिथे तपासले जातात, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

आधी प्रकरण सांगतो.

सावलीहून वैनगंगेकडे जाताना जंगलाचा एक पट्टा लागतो. तिथल्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल वेचतात. फुलं पहाटे गळतात. झाडाखाली पालापाचोळा असला तर ती दिसत नाहीत, म्हणून लोक आदल्या दिवशी पाला जाळून जागा साफ करून ठेवतात. वनखातं नको म्हणतं, कारण वणवे त्यातूनच लागतात. लोक तरीही जाळतात. झाडं घराघरांत वाटलेली असतात. हे अमक्याच्या आज्यापासूनचं, ते तमक्याचं. कागदावर कुठेच नसतं, पण गावात सगळ्यांना माहीत असतं.

अशा एका झाडाखाली एका वनरक्षक बाईचा जळालेला मृतदेह मिळाला. तिला मी शीतल म्हणतो. वय तिशीच्या आतलं. भोवतीचं रानही जळलेलं होतं. झाड सोमाजी नावाच्या माणसाच्या घरचं. पाला पेटवल्याचं सोमाजीने लगेच कबूल केलं, कारण तो त्याने खरंच पेटवला होता. आदल्या दुपारी पेटवला, ओल्या फांद्यांनी झोडपून विझवला आणि मग घरी गेलो, असं त्याचं म्हणणं. पोलिसांचं म्हणणं वेगळं. शीतल आग अडवायला आली, वाद झाला, त्याने तिच्या डोक्यात काही मारलं आणि तिला आगीत टाकलं. कवटीला मार होता, तो शवविच्छेदनात दिसला होता. गाव तिसरीच गोष्ट सांगत होतं. शीतलने थोड्याच दिवसांपूर्वी चोरट्या सागवानाची एक गाडी पकडली होती आणि त्यानंतर तिला धमक्या येत होत्या. पण हे पोलिसांसमोर बोलायला कोणी तयार नव्हतं.

सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं. पाला पेटवायला काडी पुरते, पेट्रोल लागत नाही. सोमाजीकडे मोटारसायकल नव्हती, त्याच्या वाडीत कोणाकडेच नव्हती. शीतलच्या गणवेशाचा जो तुकडा उरला होता त्यात पेट्रोल मिळालं, तर तपास गाडीवाल्यांकडे वळणार होता. नाही मिळालं, तर सोमाजी आत होताच, आणि आतच राहणार होता. तो तुकडा पत्र्याच्या डब्यात सील होऊन प्रयोगशाळेत आला होता.

अशी तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफवर होते. सगळे त्याला जीसी म्हणतात. डबा किंचित गरम करायचा, आत जमलेली वाफ सुईने ओढायची आणि यंत्रात सोडायची. यंत्राच्या पोटात एक छोटा ओव्हन असतो. त्यात केसासारख्या बारीक नळीचं लांबलचक वेटोळं असतं. वाफेतला प्रत्येक घटक त्या नळीतून आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आणि त्या वेळेवरून तो काय आहे ते कळतं. पण ओव्हनचं तापमान नेमकं हवं. ते हललं की वेळा हलतात, आणि मग पेट्रोल की रॉकेल की नुसता धूर, हे कोर्टात छातीठोकपणे सांगता येत नाही. हे तापमान मोजतो एक सेन्सर. काडीएवढ्या नळीत प्लॅटिनमची तार. तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, आणि त्यावरून यंत्र आकडा दाखवतं.

मे महिन्यात तिथल्या रासायनिक विश्लेषक रामटेके मॅडमचा फोन आला.

"भाऊ, आमचा जीसी पिसाळला."

"म्हणजे काय झालं?"

"हीटर बंद आहे, अन् ओव्हन तीनशेच्या वर दाखवून राह्यला. दार उघडून हात घातला तर आतमध्ये माठावानी गार."

रामटेके मॅडमना मी बरीच वर्षं ओळखतो. मूळच्या चिमूरकडच्या. वडील शाळेत शिक्षक, घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी पोरींच्या पदव्यांच्या फ्रेम. देव-धर्म-अंगारा यातलं त्यांच्याकडे काही चालत नाही. हे मुद्दाम लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर गेटजवळच्या कडुनिंबाखाली एक बाई बसली होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, शेजारी कापडी पिशवी. मी बॅग उतरवत असताना ती उठून आली.

"तुमीच का जी मशीनवाले?"

"हो."

"मशीन बिमार आहे म्हणते आतमधली बाई. लवकर नीट करा. माया माणूस पाला जाळते जी, माणूस नाई जाळत."

ही सोमाजीची बायको, मैनाबाई. सरकारी मदतीचा जो वकील मिळाला होता त्याने तिला सांगितलं होतं की सगळं त्या डब्यावर आहे. तेव्हापासून ती येऊन बसत होती. कोणी तिला बोलावलं नव्हतं, आणि हाकलायचं धाडस कोणाला होत नव्हतं.

आत मॅडमनी सांगितलं ते असं. इतर सगळे नमुने नीट चालतात. हा डबा लावला की ओव्हनचा आकडा चढतो, मर्यादा ओलांडतो आणि यंत्र स्वतःच काम सोडतं. तीनदा झालं. तीन वेळची वाफ वाया गेली. "डब्यात आता जास्त नाई उरलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "पेट्रोल असंन तर ते उडून चाललं."

आणि साहेबांनी, म्हणजे त्यांच्या वरिष्ठांनी, दुसऱ्या दिवशी डबा परत पाठवायचं ठरवलं होतं. शेरा तयार होता: 'यंत्रातील बिघाडामुळे तपासणी होऊ शकली नाही.' एकदा टोचलेला डबा पोलीस ठाण्याच्या खोलीत उन्हाळाभर पडून राहिला असता, तर दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेला त्यात काही मिळालं नसतं.

मी मनात सेन्सरवर बोट ठेवलं होतं. 'डब्यामुळे होतं' यावर माझा विश्वास नव्हता. लोक दोन गोष्टी जोडतात, मग त्या जोडूनच दिसायला लागतात. पण मशीन माझ्यासमोर बिघडायला हवं होतं, म्हणून मी मॅडमना सांगितलं, नेहमीसारखं करा. त्यांनी डबा तापवायच्या ठोकळ्यावर ठेवला. डबा जेमतेम कोमट झाला असेल, आणि आकडा सुटला. हळूहळू चढणं नव्हतं ते. तीस, नव्वद, दोनशे, तीनशे दहा... यंत्राची शिट्टी वाजली. मी माझा स्वतंत्र तापमापक ओव्हनच्या आत धरला. कूलर लावलेल्या खोलीचं होतं तेवढंच तापमान, बत्तीस.

आमच्याकडे मे महिन्यात निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. जमीन वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि यंत्रं वाटेल ते आकडे दाखवायला लागतात. चंद्रपुरातला कोणताही तंत्रज्ञ उन्हाळ्यात आधी बादली उचलतो. मीही तेच केलं. हीटरची जोडणी काढून ठेवली, यंत्र तसंच चालू ठेवलं आणि बाहेर जाऊन खड्ड्यात मीठ टाकून पाणी ओतलं.

मैनाबाई बघत होती. "झाड नाई, काई नाई. खड्ड्याले काहाले पाणी पाजून राह्यले?"

"मशीनला लागतं, बाई."

"मशीन पाणी पेते?" ती पहिल्यांदा थोडी हसली. "मंग दोन बाल्ट्या पाजा."

आत आलो तर मॅडम दारातच उभ्या. "उतरलं, भाऊ. एकदमच उतरलं, पाण्यात घातल्यावानी." आकडा पंचेचाळीसवर होता. मी त्यांना म्हणालो, बघा, अर्थिंगच होतं. चहा मागवला. चहा येईपर्यंत आकडा पुन्हा दोनशेच्या वर गेला होता. मी चिडून मेन स्विच बंद केला.

दुपारी साहेब येऊन गेले. "किती वेळ लावताय? उद्या सकाळी पार्सल जाणार आहे." साहेब गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "या साहेबायले फक्त टेबल मोकळं दिसलं पायजे."

मग मी रीतसर सुरुवात केली. सेन्सरच्या दोन वायरी सोडवल्या आणि त्या जागी एक ठरावीक रोध लावला. आकडा एका जागी स्थिर राहायला हवा होता, आणि तो राहिला. म्हणजे सर्किट बोर्ड ठीक. मग आमचा नेहमीचा मार्ग, अदलाबदल. खोलीत त्याच बनावटीचं दुसरं यंत्र होतं. त्याचा सेन्सर इकडे आणि इकडचा तिकडे. दोष सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर खराब, जागेवर राहिला तर यंत्र खराब. तिसरी शक्यता नसते. या पद्धतीवर आमचा धंदा चालतो.

मॅडमनी डबा कोमट केला. दोन्ही यंत्रांचे आकडे एकदम चढले.

मी बॅगेतून नवा सेन्सर काढला, कंपनीच्या सीलबंद पाकिटातला. तो ओव्हनमध्ये बसवलाच नाही. वायरी लांब घेऊन थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पाणी भरलं आणि सेन्सर त्यात बुडवला. बर्फात त्याने शून्य दाखवायला हवं. ही सगळ्यात साधी चाचणी आहे, पहिल्या वर्षाचे विद्यार्थी करतात. आकडा शून्यावर आला. मी मॅडमकडे मान हलवली. डबा ठोकळ्यावर गेला आणि आकडा शून्यावरून साडेतीनशेवर गेला. थर्मासमधला बर्फ होता तसाच होता. पाण्याला वाफ नाही, बुडबुडा नाही. मी मल्टिमीटर लावला. तारेचा रोध खरोखरच वाढलेला होता. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. बर्फात बुडालेली ती तार स्वतःपुरती तापलेली होती.

मी सेन्सर बाहेर काढला आणि दोन बोटांत धरला.

मीटर काय सांगतोय ते मला कळत होतं, पण हाताला ते पटत नव्हतं. बर्फातून काढलेली ओली धातूची काडी माणूस निर्धास्त धरतो. कातडी चिकटली. सोडता येईना. मॅडमनी वायर ओढली तेव्हा अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी त्या काडीवर राहिली. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "सायलेन्सरला लावला काय हात?" तो डाग आजही आहे. खोलीत जळक्या मांसाचा वास होता, तो माझाच असावा. पण त्याच्याखाली दुसरा एक वास होता, आणि तो आम्हा दोघांना ओळखता आला. पंपावर टाकी भरताना येतो, तो.

मॅडमनी माझ्या बोटांवर पाणी ओतलं, रुमाल बांधला. मग स्टूल ओढून त्या डब्यासमोर बसल्या.

"भाऊ, एक सांगू? हसू नका."

"सांगा."

"दरवेळी आकडा चढला का आपण बंद करून टाकतो. मशीन बंद करते, नाई तर मी करते, नाई तर तुमी. सकाळी तेवढं चालू राह्यलं तर ते उतरलं, अन् मंग पुन्हा चढायला लागलं. त्याच्या पुढं काय होते ते कोणी पाह्यलंच नाई." त्यांनी ठोकळ्याकडे बोट दाखवलं. "एकदा पुरं होऊ देऊ."

मी हसलो नाही. काय पुरं होऊ द्यायचं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

धोका काही नव्हता. हीटरच्या वायरी मी स्वतः काढून टेबलावर ठेवल्या होत्या. ओव्हन तापवणारी कोणतीही गोष्ट यंत्रात उरली नव्हती. मी पहिला सेन्सर परत जागेवर बसवला, ओव्हनचं दार लावलं. मॅडमनी डबा ठोकळ्यावर ठेवला. दुपार टळली होती, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. खोलीचं दार उघडं होतं आणि समोरच्या खोलीत टायपिंग चालू होतं.

इथून पुढे मी पाहिलेलं आणि मॅडमनी पाहिलेलं वेगळं लिहितो.

मी पाहिलं ते: आकडा एका दमात चढला. शिट्टी वाजली, मी ती बंद केली. साडेतीनशे, चारशे... मग आकडा थरथरायला लागला, खालीवर, खालीवर, जसा धावणाऱ्या माणसाच्या हातातला कंदील हलतो. खोलीत केस जळल्याचा वास पसरला. मॅडम खोकायला लागल्या. आणि एकाएकी आकडा कोसळला. पन्नासच्या आत. तिथेच थांबला. थांबला म्हणजे अगदी स्थिर. तेवढा वेळ खोली इतकी शांत वाटली की मला वाटलं, संपलं. मी यंत्राकडे पाठ करून मोकळ्या हवेसाठी दारापाशी गेलो आणि मॅडमना काहीतरी म्हणणार होतो.

माझे दोन्ही पाय मागून खेचले गेले.

मी तोंडावर पडलो. हनुवटी फरशीवर आपटली, दात जिभेत घुसले. मी उठायच्या आत मला पुन्हा खेचलं गेलं. घोट्यांना धरून, झटक्याझटक्याने, जसं जड पोतं दोघंजण ओढतात. मी टेबलाचा पाय धरला. तो सुटला. स्टूल अंगावर पडलं. मी खेचणाऱ्याकडे बघायला मान वळवली तेव्हा डोक्यामागे काहीतरी बसलं आणि पुढचं मी पाहिलेलं नाही.

मॅडमनी पाहिलं ते: मागे कोणीही नव्हतं. मी पालथा होतो आणि माझे पाय जमिनीपासून वीतभर वर होते. मी दारापासून यंत्रापर्यंत फरफटत गेलो, म्हणजे मी ज्या बाजूला पडलो होतो त्याच्या उलट बाजूला. माझं डोकं टेबलाला लागलं नाही, असं त्या ठामपणे सांगतात, कारण टेबल मागे राहिलं होतं. मी यंत्रासमोर पोचलो आणि पाय खाली पडले. त्याच क्षणी आकडा पुन्हा चढायला लागला. या वेळी तो थरथरला नाही. सरळ वर गेला, चारशेच्या, साडेचारशेच्या पुढे, डिस्प्लेवर नुसत्या रेघा येईपर्यंत. ओव्हनच्या आत फटाका फुटावा तसा आवाज झाला. आणि सगळं बंद पडलं.

समोरच्या खोलीतले लोक धावत आले. त्यांना मी जमिनीवर आणि मॅडम माझ्या तोंडावर पाणी मारताना दिसल्या. उन्हाची चक्कर, असं त्यांचं मत झालं. साहेबांनी सावलीत बसायला सांगितलं.

माझ्या दोन्ही घोट्यांवर बोटांचे वळ होते. आधी लाल, दुसऱ्या दिवशी काळेनिळे. माझ्या बायकोने ते पाहिले, फोटो काढले. शर्ट पुढून फाटला होता. डोक्याला मागे टेंगूळ होतं.

ओव्हन उघडला तेव्हा सेन्सरच्या नळीचे तीन तुकडे झालेले होते. त्याच्यापासून दोन बोटांवर नळीच्या वेटोळ्याला बांधलेली प्लॅस्टिकची चिठ्ठी होती, अनुक्रमांकाची. ती पिवळीसुद्धा पडलेली नव्हती.

मी डोक्याला ओला फडका धरून बसलो होतो तेव्हा मॅडमनी विचारलं, "आता बसवता का नवा?"

"आत्ता?"

"साहेब सकाळी डबा पाठवून राह्यले."

डाव्या हाताने मी नवा सेन्सर बसवला, हीटर जोडला. मॅडमनी आधी माहीत असलेलं पेट्रोल चालवून पाहिलं, मग रॉकेल. वेळा अचूक आल्या. मग डबा ठोकळ्यावर ठेवला. आम्ही दोघंही आकड्याकडे बघत होतो. तो ठरल्याप्रमाणे, शिस्तीत चढला आणि ठरल्या जागी थांबला. उरलेली वाफ एका सुईपुरतीच होती. कागदावर रेघ यायला लागली. पहिला टोकदार डोंगर, दुसरा, मग त्यामागून येणारी ती ओळखीची रांग. मॅडमनी पेट्रोलचा कागद काढून शेजारी ठेवला. मला या कामातलं फारसं कळत नाही, पण ते दोन कागद कोणालाही कळले असते.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जा, त्या बाईले सांगा घरी जाय म्हणा. काय निघालं ते नका सांगू, तो रिपोर्ट कोर्टाचा आहे. फक्त मशीन नीट झाली म्हणा."

मी तेवढंच सांगितलं. मैनाबाईने माझ्या रुमाल बांधलेल्या हाताकडे, मग तोंडाकडे पाहिलं. पिशवी उचलली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालायला लागली.

अहवाल गेला. सोमाजीला आधी जामीन मिळाला, आणि मग त्याचं नाव वगळलं गेलं. सागवानाच्या गाडीशी संबंध असलेली तीन माणसं पकडली गेली. त्यातल्या एकाने जे सांगितलं ते मला वार्ताहर असतानाच्या एका ओळखीतून कळलं, आणि नंतर ते आरोपपत्रातही आलं. शीतलने रस्त्यावर त्यांची गाडी पुन्हा अडवली. त्यांनी कॅनमधलं पेट्रोल तिच्यावर ओतलं आणि काडी लावली. ती पेटत्या अंगाने पळाली. जवळ एक बोडी होती, गावाचा छोटा तलाव, उन्हाळ्यात कमरेएवढं पाणी. तिने त्यात उडी घेतली. आग विझली. ती जिवंत होती आणि पाण्यात बसून राहिली होती. त्यांना वाटलं ती मरेल, ती मरेना. मग दोघांनी तिचे पाय धरून तिला बाहेर ओढलं. ती जमिनीवरची मुळं धरत होती. म्हणून कुऱ्हाडीच्या तुंब्याने, पात्यामागच्या बोथट बाजूने, डोक्यात मागून मारलं. सोमाजीच्या झाडाखाली पाला नुकताच जाळला होता हे त्यांना माहीत होतं. तिथे नेऊन टाकलं, उरलेलं पेट्रोल ओतलं आणि पुन्हा पेटवलं.

हे सगळं उघड झालं अहवालानंतर. त्या दुपारी, त्या खोलीत, बोडीबद्दल आम्हा दोघांनाही काहीच माहीत नव्हतं.

मी खुलासे शोधले. सेन्सर तीन होते, जुने दोन आणि नवा एक. तिन्ही एकाच वेळी एकाच पद्धतीने खराब होणं शक्य नाही. आजूबाजूच्या एखाद्या उच्चदाब वाहिनीमुळे तारेत प्रवाह उतरू शकतो. पण मग रोध वाढत नाही, आणि बोटंही भाजत नाहीत. पाण्यामुळे आकडा उतरला असं मला सकाळी वाटलं, तेही चूक. दुसऱ्या वेळी कोणीच पाणी ओतलं नव्हतं. फुटलेला सेन्सर कंपनीकडे पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'अतिउष्णतेमुळे नष्ट.' ती उष्णता कुठून आली, हे त्यांनी विचारलं नाही, मीही कळवलं नाही. राहता राहिली उन्हाची चक्कर. मॅडमना ती आली नव्हती. आम्ही दोघं या विषयावर त्यानंतर एकदाच बोललो. त्या म्हणाल्या, "मी जे पाह्यलं ते मी पाह्यलं. ते काय होतं, ते मले नाई माहीत. दोन्ही खरं आहे."

पुढच्या मोहाच्या हंगामात सावलीला एका कामासाठी गेलो होतो. परतताना त्या गावाकडे गाडी वळवली. सकाळची वेळ होती. सोमाजी घराच्या ओट्यावर बसला होता. तो बारीक झालाय, आणि आता एकटा जंगलात जात नाही. मैनाबाई झाडाखाली आहे, असं त्याने हातानेच दाखवलं.

ती खराट्याने पाला बाजूला करत होती. आजूबाजूच्या झाडांखाली जमीन काळी होती, जाळलेली. फक्त हिच्या झाडाखाली नव्हती.

"बाकीचे जाळतात, तुम्ही झाडता?"

"इथी नाई जाळत जी आता. गावातलं कोणीच नाई जाळत इथी."

"काऊन?" मी तिच्याच भाषेत विचारलं.

ती झाडायची थांबली. "तिले पोळते," ती म्हणाली, एवढं साधं मला कसं कळत नाही अशा आवाजात. मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाली, "तुमाले नाई का पोळलं?"

माझ्या हाताला काय झालं होतं हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिने त्या दिवशी गेटवर रुमाल पाहिला होता, आणि आज डाग पाहिला. तेवढ्यावरून ती बोलली असेल, असं मी धरून चाललोय.

तिने टोपलीतली मूठभर फुलं माझ्या हातावर ठेवली. मी ती लगेच पिशवीत टाकली नाहीत. भाजलेल्या दोन बोटांत एक फूल धरून तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. ते थंडच होतं.